एकेचाळिसावी पायरी

पायरी तुम्ही मोडलीत असं आमचं म्हणणं नाही. पायरी गॅसवाल्याने मोडली. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी त्याच्या खांद्यावरून भरलेलं सिलिंडर सटकलं, एकेचाळिसाव्या पायरीवर आदळलं आणि अर्ध्याहून जास्त दगड सोबत घेऊन खाली गेलं. गॅसवाल्याने टोपी काढून माफी मागितली. तो विषय तिथे संपला. आमचा आरोप वेगळा आहे. ती पायरी मोडकी ठेवलीत ती तुम्ही. नगरपालिकेच्या हिरव्या दाराच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली बसून, सहीच्या जागी नुसतं एक वेटोळं काढून. कागदावर कुठेही नाव घातलं नाहीत, म्हणून आरोपाखालीही ते घालता येत नाही; हकिकतीत मात्र येईल.

आता काय झालं ते रीतसर सांगतो.

एर्मेलिंदा राहते ती सुस्काऱ्याची गल्ली म्हणजे खरं तर एक जिना आहे. एकशे बारा पायऱ्या. हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागतात, आणि वर पोचलं की समोर डोंगराचा कडा. यायची वाट तीच आणि जायची वाटही तीच. एर्मेलिंदा रोज सकाळी खाली चौकात तवा मांडते आणि एंचिलादा विकते, म्हणजे तिखटात बुडवून गुंडाळलेल्या मक्याच्या पोळ्या, खाणकामगार खायचे तशा, आत चीज आणि वर बटाट्या-गाजराचा ढीग. नवरा कान्देलारिओ वर घरात असतो. त्याने तीस वर्षं चांदीच्या खाणीत काढली. खाणीने त्याची छाती धुळीने भरली, आणि वयाने दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू ठेवले. उजव्याने त्याला उजेड दिसतो, डाव्याने तोही नाही. सरकारी इस्पितळाने त्याला ऑपरेशनची तारीख दिली होती: सोळा ऑक्टोबर, सकाळी अकरा. दोन वर्षं आणि दोन महिने रांगेत काढल्यावर मिळालेली तारीख. हुकली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला.

एकेचाळिसाव्या पायरीच्या जागी आता मांडीएवढा खड्डा होता. धडधाकट माणूस उडी मारून जाई. आंधळ्या माणसाने कुठून उडी मारायची आणि कुठे पडायचं?

मार्चमध्ये नगरपालिकेने घरोघरी एक चकचकीत पुस्तिका वाटली. 'इतिहासप्रसिद्ध विद्यापीठनगरीत राहण्याचे सांस्कृतिक लाभ व सोयी.' एर्मेलिंदाने चष्मा चढवून नवऱ्याला ती वाचून दाखवली.

"'आपल्या दारापासून चालत अवघ्या दहा मिनिटांत अकरा वस्तुसंग्रहालये, सात नाट्यगृहे, चार वाद्यवृंद, विद्यापीठाचे प्राचीन ग्रंथालय आणि दर तासाला ठोके देणारे ऐतिहासिक घड्याळ...'"

"आणि डोळ्यांचं इस्पितळ?"

"ते नाही लिहिलं."

"ती नुसती सोय असेल, संस्कृती नसेल," कान्देलारिओ म्हणाला. "आणि म्हातारे, दहा मिनिटं म्हणजे कुणाच्या पायांनी गं?"

आता इथे निकांद्रोची ओळख करून द्यायला हवी. हा एर्मेलिंदाच्या माडीवरचा भाडेकरू. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाचं हे त्याचं नववं वर्ष. परीक्षेत नापास होण्याचं कारण तो कलेला देतो, कारण तो विद्यार्थ्यांच्या गाण्याच्या पथकाचा म्होरक्या आहे. काळा मखमली झगा, खांद्यावरून सोडलेल्या रंगीत फिती, हातात मॅन्डोलिन. संध्याकाळी पाहुण्यांचा जथा मागे घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून गात जायचं आणि प्रत्येक वळणावर एक दंतकथा सांगायची. या शहरात भिंतीला भोक पडलं की आधी दंतकथा येते, मग गवंडी. बहुतेक वेळा गवंडी येतच नाही.

एप्रिलात एका संध्याकाळी साठ पाहुणे मागे असताना निकांद्रो त्या खड्ड्यात आपटला. मॅन्डोलिन एकीकडे, तो एकीकडे. लोक हसणार तोच बसल्या जागेवरून तो गरजला:

"इथेच! याच पायरीवर, सन सतराशे बेचाळीस साली, ब्रिहिदा नावाची नववधू प्रियकराकडे धावताना अडखळली! तिने इथेच प्राण सोडला, आणि तेव्हापासून ही पायरी अखंड राहत नाही! इथे तीन सुस्कारे सोडतो त्याला हवं ते माणूस मिळतं!"

साठ जणांनी प्रत्येकी तीन सुस्कारे सोडले. मग टाळ्या.

वर खिडकीत एर्मेलिंदाने हे ऐकलं आणि तिला हसू फुटलं. जेवताना तिने निकांद्रोच्या ताटात एक एंचिलादा जास्त घातली. "शिंच्या, ब्रिहिदा माझ्या मामेसासूचं नाव होतं. शंभर किलोची बाई. ती पळाली असती तर पायरी नाही, डोंगर मोडला असता." हे हसणं इथे नोंदवून ठेवतो. पुढे सगळेच हसले, पण कुणाचीच नोंद झाली नाही.

मे महिन्यात एर्मेलिंदा पायरी दुरुस्त करा असा अर्ज घेऊन हिरव्या दारात गेली. टेबलामागे लिसेन्सियादो उर्रूतिया बसले होते. पदवी घेतलेल्या माणसाला इथे लिसेन्सियादो म्हणतात. नुसत्या नावाने हाक मारली तर राग येत नाही, फक्त काम होत नाही.

उर्रूतियांनी एक जाड वही उघडली. "सुस्काऱ्याची गल्ली, एकेचाळीस. बाई, ही पायरी नाही."

"मग काय आहे, लिसेन्सियादो?"

"वारसा. क्रमांक दोनशे बारा. 'अडखळणारी नववधू.' गेल्या महिन्यात नोंद झाली. पाहुण्यांनी अभिप्रायवहीत सत्तर वेळा उल्लेख केलाय. तिला हात लावता येणार नाही."

"अहो, पण ती फेब्रुवारीत मोडली! गॅसवाल्याने!"

"फेब्रुवारीत मोडली असेल," उर्रूतिया समजुतीने म्हणाले. "पण दंतकथेत ती सतराशे बेचाळीसमध्ये मोडली आहे. दोन नोंदींत तफावत आली तर आम्ही जुनी धरतो."

एर्मेलिंदा चिडून घरी आली आणि शहाण्या बाईने करावं तेच तिने केलं. शेजारच्या फेलिसियानो गवंड्याला अर्धी गोणी सिमेंट आणि दोन वेळचं जेवण दिलं. रविवारी दुपारी पायरी बांधून झाली. कान्देलारिओ तिच्यावर उभा राहिला, काठीने दोनदा ठोकून पाहिली आणि म्हणाला, "ही माझ्यापेक्षा टिकेल." मग तो चौकात जाऊन बाकावर बसला, बुटाला पॉलिश करून घेतलं आणि दोन तास कारंज्याचा आवाज ऐकत राहिला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

पायरी त्याच्यापेक्षा टिकली नाही. सोमवारीच नोटीस आली. 'वारसा क्रमांक दोनशे बाराच्या मोडीची मोडतोड केल्याबद्दल.' नगरपालिकेने मोडीचं पुनरुज्जीवन करायचं ठरवलं. त्यासाठी त्या प्रकारच्या बांधकामाची माहिती असलेला कारागीर हवा होता. तसा कारागीर शहरात एकच निघाला. बुधवारी फेलिसियानो छिन्नी-हातोडा घेऊन आला, सोबत देखरेखीला इतिहास विभागाचे दोन प्राध्यापक.

"माफ कर, वहिनी," तो म्हणाला. "बांधायला जेवण मिळालं होतं. फोडायला पगार मिळतोय."

प्राध्यापकांनी फोटो समोर धरून मोड तपासली. एकाला ती पुरेशी कारुणिक वाटली नाही, म्हणून चार बोटं आणखी फोडली.

त्या रात्री निकांद्रोने एंचिलादांना हात लावला नाही. "मावशी, पाप माझं आहे. मी उद्या जाऊन सांगतो की ही थाप मी मारली." आणि तो खरोखरच गेला. हेही नोंदवून ठेवतो.

उर्रूतियांनी त्याचं प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं. "तरुण मित्रा, दंतकथेचा कर्ता अज्ञात असतो. बरोबर?"

"हो, पण..."

"तुम्ही समोर बसला आहात. म्हणजे ज्ञात आहात. म्हणजे कर्ते नाही."

"अहो, मी रचली ती! खड्ड्यात पडलो होतो, लाज वाटली म्हणून!"

"वय काय तुमचं?"

"अठ्ठावीस."

"आणि दंतकथेचं वय दोनशे ऐंशीच्या वर. आपल्यापेक्षा अडीचशे वर्षांनी मोठ्या लेकराचे तुम्ही बाप कसे?" उर्रूतियांनी इतिहास विभागाचा अहवाल पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं: 'या कथेचा एकही लेखी पुरावा सापडला नाही, यावरून ती अत्यंत प्राचीन असून केवळ मुखपरंपरेने जपली गेली आहे हे निर्विवाद सिद्ध होते.' मग आवाज उतरवून ते म्हणाले, "लोकपरंपरा स्वतःच्या नावावर खपवणं ही वाङ्मयचोरी आहे. तुमच्या विद्याशाखेला मी अजून कळवलेलं नाही."

निकांद्रोने प्रतिज्ञापत्र परत घेतलं. नऊ वर्षांत त्याला कायदा पहिल्यांदा समजला.

ऑगस्टमध्ये पायरीच्या कडेला पितळी खांब आले, लाल मखमली दोर आला, दगडी फलक आला आणि एक रखवालदार आला. भिंतीलगत एक माणूस अंग तिरकं करून सरकेल एवढी फट राहिली. गल्लीतल्या रहिवाशांना पास मिळाले. त्यावर छापलं होतं: 'धारकाने स्वतःच्या दोन पायांवर, कोणतेही ओझे न बाळगता पार व्हावे.' त्यामुळे गॅस वर येणं बंद झालं. गॅसवाला आता खालूनच नुसता ओरडतो, जुनी ओळख म्हणून. एर्मेलिंदाने तवा चौकातल्या चर्चच्या घंटावाल्याकडे ठेवला. उरला नवरा. तो काही घंटावाल्याकडे ठेवता येत नव्हता.

सप्टेंबर संपता संपता ती पुन्हा हिरव्या दारात उभी राहिली.

"लिसेन्सियादो, सोळाला त्यांना इस्पितळात न्यायचंय. दोन पोरं उचलून नेतील. पाच मिनिटांचं काम."

"सोळाला तर शहराच्या कलामहोत्सवाचं उद्घाटन. साडेनऊला तुमच्याच गल्लीत." उर्रूतियांनी नियमावली चाळली. "आणि उचलून नेलेला माणूस म्हणजे ओझं. कलम चौदा."

"माझा नवरा ओझं?"

"कायद्याच्या दृष्टीने, बाई. घरच्या दृष्टीचं मी बोलत नाही."

"आणि मेलेल्याला कसं नेतात मग?"

"अंत्ययात्रेला मुभा आहे. ती परंपरा. मृत्यूचा दाखला तीन प्रतींत." त्यांना मदत करायची होती असं एर्मेलिंदा अजूनही म्हणते. "किंवा मग कलावंत. कलावंताला या गल्लीत कसलाच दाखला लागत नाही."

घरी कान्देलारिओने हे ऐकलं आणि खोकेपर्यंत हसला. "सोपं आहे, म्हातारे. सोळाला सकाळी मरतो. अकराला इस्पितळात पोचलो की उठतो."

"जिभेला हाड आहे का तुमच्या?"

पण माडीवरून निकांद्रो तीन-तीन पायऱ्या गाळत खाली आला होता. "मावशी! काका बरोबर बोलताहेत!"

आठवड्याभरात प्रयोग लिहून झाला आणि उद्घाटनासाठी मंजूरही झाला. नाव, 'ब्रिहिदाच्या बापाचं शेवटचं उतरणं'. लेकीच्या दुःखाने मेलेल्या बापाला चार जण खांद्यावरून एकशे बारा पायऱ्या खाली आणतात, एकेचाळिसाव्या पायरीवर क्षणभर थांबतात, तीन सुस्कारे सोडतात, बस. खाली चौकाच्या कोपऱ्यावर, भुयारी रस्त्याच्या तोंडाशी टॅक्सी उभी. प्रयोग साडेनऊला. दहाला टॅक्सी. साडेदहाला इस्पितळ.

सोळा तारखेला एर्मेलिंदाने नवऱ्याला इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. इस्पितळाची चिठ्ठी खिशात ठेवून खिसा सेफ्टी पिनेने बंद केला. घराचं जुनं दार काढून त्यावर त्याला निजवलं, चादर घातली.

"डोळे मिटू की उघडे ठेवू?" त्याने विचारलं.

"तुम्हाला काय फरक पडतो?"

"मला नाही गं. कलेला पडत असेल."

चार झगेवाले दार उचलून निघाले. एक कायद्याचा, दोघे खाणशास्त्राचे, एक दातांचा होणारा डॉक्टर. पुढे निकांद्रो मॅन्डोलिन घेऊन, मागे काळी शाल घेतलेली एर्मेलिंदा. खालच्या पायऱ्यांवर आणि चौकात चारशे माणसं. पहिल्या रांगेत उर्रूतिया, मांडीवर कार्यक्रमपत्रिका. रखवालदाराने दोर सोडला. एकेचाळिसाव्या पायरीशी दार थांबलं, चारशे माणसांनी तीन सुस्कारे सोडले, आणि पावणेदहाला कान्देलारिओचे पाय चौकाच्या दगडांवर टेकले. टॅक्सीवाल्याने दार उघडलं होतं.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "पुन्हा!"

मग दहा जण ओरडले. मग चारशे.

महोत्सवाच्या नियमावलीत यावर कलम आहे. प्रेक्षकांची मागणी डावलणाऱ्या पथकाला पाच वर्षं बंदी. निकांद्रोने उर्रूतियांकडे पाहिलं. उर्रूतियांनी कार्यक्रमपत्रिकेकडे पाहिलं.

"एकदाच, मावशी," निकांद्रो घाम पुसत कुजबुजला. "वेळ आहे. पंधरा मिनिटं."

"निकांद्रो, खबरदार!"

"पाच वर्षं, मावशी! मी दुसरं काय करतो?"

म्हाताऱ्याला पुन्हा निजवलं, दार वर गेलं. दार खाली आलं. सव्वादहा झाले होते. लोकांचे हात लाल झाले होते आणि त्यांना अजून वाजवायचं होतं. दार पुन्हा उचललं गेलं तेव्हा मढं उठून बसलं आणि ओरडलं, "अरे, माझं डोळ्यांचं ऑपरेशन आहे! खाली ठेवा मला!"

चौक हसण्याने फुटला. केवढी ताजी कल्पना! मेलेला बाप म्हणतो मला डोळे द्या! एर्मेलिंदाने धावत जाऊन दाराचा कोपरा धरला. "सोडा त्यांना! माणसं आहात की कोण?" दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तिच्या या एका वाक्यावर अर्धा स्तंभ होता. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी रुमालाने डोळे टिपले आणि शेजारणीला म्हणाल्या, "बघ ना, किती खरं वाटतं."

तिसऱ्या वेळी दार खाली टेकलं आणि विद्यापीठाच्या घड्याळाने अकरा ठोके दिले. सगळ्यांनी टोप्या काढून ते ऐकले. ते घड्याळही पुस्तिकेत आहे.

इस्पितळातून आठवड्याने पत्र आलं. रुग्ण गैरहजर, रांगेत पुन्हा नाव घातलं आहे, नवी तारीख दोन वर्षं आणि दोन महिन्यांनी. त्याला एक पुरवणी जोडली होती, ती हिरव्या दारातून आली होती. 'श्री. कान्देलारिओ यांचा वारसा क्रमांक दोनशे बाराला पूरक म्हणून समावेश करण्यात आला आहे. त्यांची हवेत चाचपडणारी नजर प्रेक्षकांना विशेष भावल्याचे दिसते. तिच्यात कोणताही बदल करण्यापूर्वी या कार्यालयाचा ना-हरकत दाखला घ्यावा.'

पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली आहे. अकरा वस्तुसंग्रहालयं, सात नाट्यगृहं, आणि शनिवार-रविवारी तीन वेळा सुस्काऱ्याच्या गल्लीत 'शेवटचं उतरणं'. खाली बारीक अक्षरात: 'म्हातारा खरा आहे.'

एर्मेलिंदा शेवटचं हिरव्या दारात गेली तेव्हा अर्ज नेला नव्हता. तिने फक्त विचारलं, "का?"

उर्रूतियांनी वही बंद केली. "आमच्या हातात असतं तर आजच बांधली असती, बाई. पण लोकांची मागणी आहे." आणि तसं त्यांनी लेखी दिलं. खाली तेच वेटोळं.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा कान्देलारिओ दाराशी बसला होता. त्याच दाराशी, जे प्रत्येक प्रयोगाला काढतात आणि परत लावतात.

"म्हातारे, एक सांग. मला तर दिसलं नाही. ते 'पुन्हा, पुन्हा' ओरडत होते ना, ते दिसायला कसे होते?"

एर्मेलिंदाने आठवून पाहिलं. "चांगली माणसं होती. शिकलेली. तुमच्याकडे बघून हळहळत होती."

"मग त्यांनी टाळ्या का वाजवल्या?"

याचं उत्तर हिरव्या दारातल्या वहीत नाही. म्हणून सुरुवातीला ज्यांच्यावर आरोप केला, त्यांनी बोट दाखवलं त्या दिशेला आता तोंड वळवतो आहोत. पुढच्या रांगेत तुम्ही होतात. आत्ता वाचतानाही मढं उठून बसलं तेव्हा तुम्हाला हसू आलंच. म्हाताऱ्याने विचारलं आहे, टाळ्या का वाजवल्यात? उत्तर द्या. लेखी द्या, तीन प्रतींत, आणि सहीच्या जागी पूर्ण नाव लिहा.